दूध-दही सोडलंय, पळणं चालू आहे, घरच्या जेवणात प्रोटीन कसं बसवता?

मुळाकाठ

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी पुण्यात असते, वय ३६, वजन ५६ किलो, जन्मापासून शाकाहारी, आणि गेल्या दिवाळीपासून दूध, दही, तूप, पनीर, मध सगळंच बंद केलंय. कारण जनावरांचंच आहे. गोठ्यात वासराला आईपासून लांब बांधलेलं बघितलं आणि त्यानंतर ते दूध घशाखाली उतरेना, बाकी काही नाही. व्हिगन व्हावं की होऊ नये यावर चर्चा नको प्लीज, मला व्हिगन राहून धडधाकट कसं राहायचं ते विचारायचंय.

तर मी पळते. आठवड्यातून चार दिवस, त्यात रविवारी लाँग रन, आणि डिसेंबरात हाफ मॅरेथॉन करायची आहे. मध्ये जिमपण लावलं कारण गुडघ्यांसाठी स्ट्रेंथ लागते असं सगळे म्हणतात. पण लाँग रनला बारा-तेरा किलोमीटर झाले की पायात काही उरतच नाही, आणि घरी आल्यावर दिवसभर झोप येत राहते. ट्रेनर म्हणतो व्हे (दुधातल्या प्रोटीनची पावडर) घ्या नाहीतर पनीर तरी खा, त्याशिवाय मसल होणार नाही. परवा रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ११.४ आणि बी१२ १६८ आलं, तेव्हापासून घरात सगळे माझ्या ताटाकडे बघतात. सासूबाई वाईट नाहीत हो, त्यांना खरंच काळजी वाटते की हिची हाडं झिजणार.

माझं रोजचं खाणं लिहिते. सकाळी पोहे नाहीतर उपमा आणि काळा चहा. डब्यात तीन पोळ्या, भाजी. पाचला भूक लागते तेव्हा खाकरे किंवा कुरमुरे. रात्री वरणभात, एखादी पोळी, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर. म्हणजे आपलं साधं घरचं जेवणच, फक्त दूधदुभतं वगळून.

मला हे घरच्याच जेवणात जमवायचंय, महागड्या डब्यांवर नाही. आणि स्वयंपाक एकच होतो, नवरा-मुलगा-सासूबाई सगळं खातात, माझ्यासाठी वेगळं शिजवायला वेळ नाही. कोण करतंय असं? नेमकं काय आणि किती खाता ते लिहाल का?

गिरणवाट

ताई तुमचं ताट मी जरा मोजून बघितलं. पोहे दाण्यांसकट ६ ग्रॅम प्रोटीन, तीन पोळ्यांचे १०, भाजीचे ३, खाकऱ्याचे २-३, रात्रीचं वरण पातळ असेल तर ५, भात आणि पोळीचे मिळून ७-८, कोशिंबिरीतल्या कुटाचे २. चाळिसाच्या आतच राहतं सगळं. नुसतं बसून काम करणाऱ्या माणसाला किलोला ०.८ ग्रॅम म्हणतात, म्हणजे तुम्हाला ४५, पण पळणाऱ्याला आणि वजनं उचलणाऱ्याला १.२ ते १.६ पर्यंत लागतं, ते धरलं तर ६७ ते ९०. म्हणजे दूध सोडल्यामुळे काय बिघडलं त्यापेक्षा दुधाच्या जागी काहीच आलं नाही हा प्रश्न आहे. आपल्या जेवणात डाळ आणि कडधान्य चवीपुरतं असतं आणि पोट पोळी-भातानं भरतं, ते प्रमाण उलटं करायचं, एवढं केलं तरी निम्मं काम होतं.

मी काय करतो ते लिहितो. मीपण व्हिगन आहे, बायको नाही, आणि स्वयंपाक आमचा एकच.

सकाळी पोह्यांऐवजी आठवड्यातले चार दिवस मुगाचं धिरडं. हिरवे मूग रात्री भिजत घालायचे, सकाळी आलं-मिरची-जिरं घालून वाटायचे, आंबवायची भानगड नाही. एका माणसाला ६० ग्रॅम कोरडे मूग धरले की १४ ग्रॅम प्रोटीन सकाळीच पोटात. बरोबर शेंगदाण्याची नाहीतर जवसाची चटणी. पोहे करायचेच असतील तर मटार आणि मोड आलेली मटकी ढकला त्यात, छान लागतात.

डब्यात उसळ रोज. रोज म्हणजे रोज. मटकी, मूग, चवळी, मसूर, कुळीथ, वाल, पावटे, काळे वाटाणे, छोले, राजमा, इतकी कडधान्यं आपल्याकडे मिळतात की पंधरा दिवस तीच उसळ परत येत नाही. फक्त ती लोणच्यासारखी ताटाच्या कडेला नको, दोन वाट्या भरून हवी. ६० ग्रॅम कोरड्या मटकीच्या अशा दोन वाट्या सहज होतात आणि त्यात परत १४ ग्रॅम. पोळ्या तीनच्या दोन करा, पोट भरतंच.

पाचला कुरमुरे एकटे नकोत, मूठभर फुटाणे आणि मूठभर दाणे घ्या. ४० ग्रॅम फुटाण्यांत ८ ग्रॅम आणि ३० ग्रॅम दाण्यांत ७-८. खिशाला याहून स्वस्त काही नाही.

रात्री वरण घट्ट. एका माणसाला ५० ग्रॅम डाळ. नाहीतर पिठलं, बेसनात शंभरला २२ ग्रॅम असतं. आणि आठवड्यातून दोन-तीनदा सोया चंक्स, त्यात १०० ग्रॅमला ५२ ग्रॅम प्रोटीन आहे, पनीरच्या दुपटीहून जास्त. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळले की तो वास जातो, मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मटणासारखा रस्सा करायचा, आमच्याकडे घरातले सगळे मागून खातात.

याची बेरीज ७० च्या पुढे जाते, पावडर न घेता. घ्यायचीच असेल तर सोया नाहीतर वाटाण्याच्या प्रोटीनची मिळते, त्यात वाईट काही नाही, पण ती ताट नीट झाल्यावर.

एक महत्त्वाचं, हे एकदम सुरू करू नका, पोट फुगतं आणि मग माणूस कडधान्याला दोष देऊन सोडून देतो. तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा, भिजवलेलं पाणी फेकून द्या, मोड आणा, हिंग-ओवा-आलं सढळ हातानं घाला.

आहारवेडी

मी डाएटिशियन आहे, गिरणवाट यांनी प्रोटीनचं छान लिहिलंय म्हणून ते सोडते आणि रिपोर्टवर येते, कारण मला त्याची जास्त काळजी वाटली.

बी१२ १६८ म्हणजे कमी आहे. ते आहारानं भरून येणार नाही, हे स्पष्टच सांगते. बी१२ बॅक्टेरिया तयार करतात, आणि कुठल्याही भाजीत, डाळीत, फळात ते भरवशानं नसतं. इडली-डोशाचं आंबवलेलं पीठ, स्पिरुलिना, समुद्री शेवाळ, मातीतल्या न धुतलेल्या भाज्या, यातलं काहीही चालत नाही, स्पिरुलिनात जे असतं ते आपल्या शरीराला न वापरता येणारं रूप असतं. गोळीच घ्यायची. आणि घरच्यांना हेही सांगा की आपल्याकडे दूध पिणाऱ्या शाकाहारी लोकांमध्येसुद्धा बी१२ ची कमतरता भरपूर असते, त्यामुळे काही महिन्यांत दूध सोडल्यानं एवढं झालं असेल असं नाही, लिव्हरमधला साठा काही वर्षं पुरतो, बहुतेक तुमचं आधीपासूनच काठावर असणार.

शरीराला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमच लागतं, मग गोळी हजार-पंधराशे मायक्रोग्रॅमची का असते असं लोक विचारतात. पोटात बी१२ शोषायची जी यंत्रणा आहे ती एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच उचलते, त्यावरचं जेमतेम एक टक्का आपोआप झिरपतं, म्हणून मोठा डोस. सगळं नॉर्मल असलेल्या व्हिगन माणसाला रोज ५०-१०० ची छोटी किंवा आठवड्याला मिळून २००० ची मोठी, असं पुरतं. पण तुमचं आधीच खाली आहे, तेव्हा सुरुवातीचा डोस, गोळ्या की इंजेक्शन, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी परत तपासा. तळपायाला मुंग्या येणं, जीभ लाल होऊन झोंबणं, विसरायला होणं असं काही असेल तर थांबू नका, लगेच जा, कारण नसांचं नुकसान लांबलं तर पूर्ण भरून येत नाही. आणखी एक, व्हिगन जेवणात फोलेट भरपूर असतं आणि त्यामुळे बी१२ कमी असूनही ॲनिमिया दिसत नाही, म्हणजे हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून बी१२ ठीक असं धरायचं नाही.

तुमचं हिमोग्लोबिनही बाईमाणसाच्या १२ च्या खाली आहे, तर फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घ्या. पळणाऱ्या बायकांत लोहाची कमतरता नेहमी सापडते आणि ते बारा किलोमीटरनंतर पाय जड होणं त्यामुळेही असू शकतं. वनस्पतींतलं लोह कमी शोषलं जातं, पण लिंबू पिळलं की बरंच वाढतं. उसळीवर लिंबू, पोह्यांवर लिंबू, जेवणात आवळा, पेरू, कच्ची कोबी काहीतरी हवंच. आणि तो पोह्यांबरोबरचा काळा चहा थांबवा, चहातलं टॅनिन लोह अडवतं, जेवणानंतर तासाभरानं प्या. अळीव आठवड्यातून तीन-चारदा खा, अळिवाचे लाडू आपण बाळंतिणीला देतो ते उगाच नाही. ओलं खोबरं, गूळ, नारळाच्या पाण्यात भिजवलेले अळीव, त्यात तूप न घालताही लाडू वळतात.

हाडांचं सासूबाईंना असं सांगा की १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. प्रौढ माणसाला दिवसाला १००० धरतात. एक नाचणीची भाकरी, दोन चमचे न सोललेल्या तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, आणि कॅल्शियम घालून बसवलेला टोफू (सोयाच्या दुधाचं पनीर) असं फिरवत राहिलं की जवळ पोचता येतं. पालकावर विसंबू नका, त्यात कॅल्शियम आहे पण ऑक्झलेट ते बांधून ठेवतं. आणि हाड नुसत्या कॅल्शियमनं होत नाही, त्याच्यावर भार पडावा लागतो, म्हणजे तुमचं जिम सासूबाईंच्याच मुद्द्याचं आहे.

ड जीवनसत्त्वही तपासा. कॅप्सूल घेताना केमिस्टला विचारा, बहुतेकींचं कवच जिलेटिनचं असतं आणि डी३ मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढलेलं असतं, डी२ किंवा लायकेनपासून (दगडफुलासारखी वनस्पती) केलेलं डी३ मागून मिळतं.

शेवटचं, मीठ आयोडिनयुक्तच वापरा. सैंधव वापरणारे व्हिगन लोक माझ्याकडे येतात, दूध नाही, मासे नाहीत आणि मीठही बिनआयोडिनचं, मग आयोडिन येणार कुठून.

तालमीतला

राम राम. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दुधाचा ग्लास हातात देतात, तालमीत थंडाई, बदाम, तूप याच्याशिवाय पैलवान होतो असं कुणी म्हटलं तर लोक उठून जातात. तिथं मी मुलांना व्यायाम शिकवतो आणि मी स्वतः दूध-तूप खात नाही, तर यावर मला बोलायचंच होतं.

ताई, बारा किलोमीटरला पाय संपतात ते प्रोटीनमुळं नाही. आहारवेडी ताई म्हणतात तसं लोह असेल, पण दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही एकूणच कमी खाताय. चौदाशे-पंधराशे कॅलरीत लाँग रन कसा होणार? व्हिगन जेवणात चोथा जास्त, पाणी जास्त, पोट लवकर भरतं आणि वाटतं की झालं जेवण, पण पेट्रोल गेलंच नाही टाकीत. ज्या दिवशी पळायचंय त्या दिवशी ताट मोठं पाहिजे. भाताला घाबरू नका, पळणाऱ्याला भात पाहिजेच.

शनिवारी रात्री उसळ नको, सकाळी रस्त्यात त्रास होतो. साधा मऊ भात, घट्ट वरण, बटाट्याची भाजी, तेवढंच. रविवारी निघायच्या पाऊणतास आधी एक केळं आणि दोन-तीन खजूर, किंवा उकडलेलं रताळं. दीड तासाच्या वर पळणार असाल तर मधेही खायचं, तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट म्हणतात, त्याला बाहेरची जेल लागत नाही, खजुराचे तुकडे खिशात ठेवा आणि बाटलीत लिंबू-गूळ-मीठ. घरी आलं की तासाभराच्या आत खिचडी, त्यात मुगाची डाळ तांदळाच्या बरोबरीनं. ही पद्धत महिनाभर करून बघा मग ट्रेनरला सांगा काय फरक पडला ते.

स्ट्रेंथ आठवड्यातून दोनदा पुरे, पण नीट. बैठका, एका पायावरच्या बैठका, पायरीवर चढउतार, पोटरीसाठी टाचा उचलणं, आणि वरच्या अंगाला जोर. आपल्याकडं जोर-बैठका शेकडो मारायची पद्धत आहे, दमसासाला चांगली, पण ताकद वाढवायची तर वजन वाढवत न्यावं लागतं, दहा-बारा रेपमध्ये दमायला पाहिजे असं वजन घ्या. सूर्यनमस्कार अंग मोकळं करायला उत्तम, मी रोज घालतो, पण तेवढ्यावर पाय बळकट होत नाहीत.

क्रिएटिनबद्दल, म्हणजे स्नायूंना झटक्याच्या ताकदीसाठी लागणाऱ्या घटकाबद्दल, कुणी बोललं नाही. ते मांसमाशांतून मिळतं, त्यामुळं आपल्यासारख्यांच्या स्नायूत त्याचा साठा कमी असतो. दुकानातलं क्रिएटिन मोनोहायड्रेट रसायनापासून बनवतात, जनावराचा संबंध नाही, दिवसाला ३ ग्रॅम. किडनीचा काही त्रास असेल तर डॉक्टरला विचारून. बाकी सगळं घरचं असलं तरी ही एक गोष्ट आणि बी१२ विकत घ्या.

आणि ट्रेनरला म्हणावं मुंबईचे कुंतल जोईशर २०१६ ला व्हिगन जेवणावर एव्हरेस्ट चढून आले, २०१९ ला तिबेटच्या बाजूनं परत चढले तेव्हा अंगातला सूटसुद्धा पिसांशिवाय बनवून घेतला होता. अमेरिकेतला स्कॉट ज्युरेक व्हिगन राहून शंभर मैलांची वेस्टर्न स्टेट्स शर्यत सलग सात वर्षं जिंकला, १९९९ ते २००५. त्यांनी पनीर खाल्लं नव्हतं.

मुळाकाठ

बाप रे किती सविस्तर लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार. डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली, फेरिटिन आणि ड दोन्ही सांगितलंय. चहा आजपासून वेगळा.

तालमीतला दादा, तुमचं एकूण कमी खाण्याचं अगदी पटलं. खरंय, मला भूक लागते आणि मी काकडी खाते.

आता दोन गोष्टी अडतात. एक म्हणजे दही-ताक. दुधाची मला आठवण येत नाही पण उन्हाळ्यात ताक नाही, कढी नाही, थालीपिठाबरोबर दही नाही हे फार जाणवतं. बाजारात बदामाचं वगैरे दही मिळतं ते छोटी डबी आणि भयंकर महाग. दुसरं सणवार, एकाच स्वयंपाकात माझं कसं बसवू? प्रत्येक वेळी माझ्यासाठी कोणीतरी वेगळं काढून ठेवतं आणि मला ओशाळल्यासारखं होतं.

रातांबा

दह्याचं मी सांगते. शेंगदाण्याचं दही घरी लावा. एक वाटी कच्चे दाणे सात-आठ तास भिजवून सालं काढा, थोडं थोडं पाणी घालत मिक्सरवर अगदी गंधासारखं वाटा, एकूण तीन वाट्या पाणी, आणि मलमलच्या फडक्यानं पिळून गाळा. ते दूध मंद आचेवर सतत ढवळत उकळायचं, दहा मिनिटं तरी, नाहीतर कच्च्या दाण्याचा वास राहतो आणि खाली लागतं. कोमट झालं की विरजण. पहिल्यांदा विरजणाला हिरव्या मिरचीची देठं, धुऊन, टोपीसकट, आठ-दहा, ती दुधात बुडवून झाकून ऊबदार जागी रात्रभर ठेवा. देठांवर दही लावणारे जिवाणू असतात. पहिलं दही जरा पातळ आणि किंचित तिखटसर होतं, त्यातलंच चमचाभर घेऊन दुसरं लावलं की छान लागतं. घट्ट हवं असेल तर दाण्यांबरोबर मूठभर काजू. गाळलेला चोथा फेकू नका, थालीपिठात घाला.

ताक याचं फार सुंदर होतं, आलं, जिरं, कोथिंबीर, मीठ. कढी करताना मात्र बेसन जरा जास्त आणि आच बारीक, उकळी फुटू द्यायची नाही, फाटतं ते. कोशिंबिरीला आणि दहीभाताला उत्तम, वरून मोहरी-मिरचीची फोडणी.

आणि उन्हाळ्यात सोलकढी असताना ताकाचं एवढं दुःख करू नका हो. आमच्या कोकणात आणि गोव्यात तर अर्धा स्वयंपाक आपोआप व्हिगनच आहे, काळ्या वाटाण्यांची आमटी, ओल्या काजूंची उसळ, फणसाची भाजी, मुगागाठी, तिरफळं घातलेलं खतखतं, हे करताना कुणाला दूध आठवतही नाही. फक्त नारळाचं दूध हे प्रोटीनचं नाही, ते स्निग्धासाठी, तेव्हा सोलकढी प्यायली म्हणजे ताकाची भरपाई झाली असं नको. बरोबर उसळ हवी.

नंदाकाकू

मुळाकाठ, मी साठीच्या पुढची आहे आणि माझी मुलगी तुझ्यासारखीच, म्हणून सासूबाईंच्या बाजूनं आणि तुझ्या बाजूनंही लिहिते.

आपल्या स्वयंपाकाकडे नीट बघ. पंजाबी भाजीत लोणी आणि साय आधी पातेल्यात पडते, मग ती काढता येत नाही. आपल्याकडे तूप, दही, लोणी बहुतेक वेळा शेवटी पानात वाढतात. वरणावर तूप वरून, थालीपिठावर लोणी वरून, मिसळीबरोबर दही बाजूला, भाकरीवर लोण्याचा गोळा वरून. तेव्हा एवढाच नियम कर की गॅसवर जे शिजेल ते तेलावर, आणि दूधदुभतं पानात वाढणाऱ्यानं आपलं आपण घ्यायचं. कोशिंबिरीला दही घालायच्या आधी तुझी वाटी बाजूला निघाली की झालं, त्यात ओशाळायचं काय आहे, घरात कुणाला तिखट चालत नाही, कुणाला साखर चालत नाही, त्यांचंही आपण काढतोच की. आमच्याकडे आता दोन वेळचा स्वयंपाक एकच होतो आणि आलेल्या पाहुण्याला कळतही नाही.

सणांचं म्हणशील तर गणपतीला उकडीचे मोदक ओलं खोबरं आणि गुळाचे, उकडीत तुपाऐवजी चमचाभर तेल घातलं की तुला चालतात. संक्रांतीला गूळपोळी तेलावर भाज, सारण तिळाचं आणि तेलात भाजलेल्या बेसनाचं असतंच. सोलापूरकडची शेंगापोळी तर तुपाशिवायही खाता येते. होळीला पुरणपोळी तेलावर लाट आणि तेलावरच भाज, बरोबर गुळवणी नारळाच्या दुधात कर आणि कटाची आमटी. खीर करायची तर शेवयांची नारळाच्या दुधात. पंचामृत देवापुरतं होतं, ते हवं तर घरातल्यांनी घ्यावं.

सासूबाईंना एकदा डॉक्टरांकडे बरोबर घेऊन जा. मी मुलीबरोबर गेले होते. सगळं समोर ऐकलं तेव्हा माझी धास्ती गेली, आणि आता तिची बी१२ ची गोळी मीच आठवणीनं देते.

रानमळा

वाचतोय सगळं. आमची मळ्यात जनावरं आहेत, मी व्हिगन नाही, वाद घालायचा नाही, पण एक शंका आहे खरीखुरी. सोयाबीन आम्हीच पिकवतो पण घरात खात नाही कारण पुरुषांना सोयाबीननं त्रास होतो, हार्मोन बिघडतात असं ऐकलंय. आणि थायरॉईडला वाईट म्हणतात. त्यात कितपत तथ्य आहे?

आहारवेडी

रानमळा, चांगलं विचारलंत. सोयातल्या आयसोफ्लेव्होन नावाच्या घटकांची रचना इस्ट्रोजेनशी थोडी मिळतीजुळती आहे, त्यावरून हा समज पसरला, पण नेहमीच्या खाण्यातल्या प्रमाणात पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन त्यानं कमी होत नाही, यावर भरपूर अभ्यास झालेत. निर्धास्त खा, दिवसाला ४०-५० ग्रॅम कोरडे चंक्स किंवा त्याबरोबरीचा टोफू. थायरॉईडची गोळी चालू असणाऱ्यांनी मात्र गोळी आणि सोया यात चार तासांचं अंतर ठेवावं, कारण ते गोळीचं शोषण कमी करतं. ज्यांना सोयाची ॲलर्जी आहे त्यांनी अर्थातच नको. घरचं सोयाबीन खाल तर कच्चं दळू नका, आधी भाजून किंवा वाफवून वाळवून घ्या, कच्च्यात प्रोटीनचं पचन अडवणारे घटक असतात, ते उष्णतेनं निष्प्रभ होतात.

गरोदर बाई किंवा लहान मूल व्हिगन असेल तर हा धागा वाचून काहीही ठरवू नका, त्यांचे डोस आणि गरजा वेगळ्या असतात, प्रत्यक्ष तज्ज्ञाला भेटा.

सह्यभटक्या

मी फक्त बाहेरच्या वस्तूंचं लिहितो कारण त्यात फार फसायला होतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध आणि मध दोन्ही चालतं. व्हिगनसाठी एफएसएसएआयनं (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरण) वेगळं चिन्ह आणलंय, हिरव्या चौकोनात इंग्रजी व्ही आणि वर पान, पण ते सगळीकडे दिसत नाही. सोपं म्हणजे घटकांच्या खाली ॲलर्जीची ओळ असते, तिथं दूध लिहिलंय का बघायचं, दहा सेकंदात कळतं. बिस्किटं, ब्रेड, चॉकलेट, इन्स्टंट सूप, मसाला लावलेल्या वेफर्समध्ये बऱ्याचदा दुधाची पावडर असते. सोया किंवा ओट्सच्या पेयावर दूध हा शब्द लिहायला परवानगी नाही म्हणून ड्रिंक किंवा बेव्हरेज लिहितात, तेच ते. घेताना त्यात कॅल्शियम आणि बी१२ मिसळलंय का ते बघा, सगळ्यांत नसतं.

ट्रेकला मी नेहमी तिळाची चिक्की, शेंगदाण्याचा लाडू, ठेचा आणि भाकरी नेतो. सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि कांदाभजी तशीही चालते, मडक्यातलं दही तेवढं सोडायचं.

मुळाकाठ

शेंगदाण्याचं दही लागलं! पहिलं जरा तिखट झालं होतं, दुसरं छान घट्ट आलं आणि काल सासूबाईंनी स्वतः त्याचं ताक केलं. त्यांना घेऊन डॉक्टरांकडे पण जाऊन आले. फेरिटिन कमीच निघालं, लोह आणि बी१२ दोन्ही सुरू केलंय. रविवारी केळं-खजूर खाऊन पळाले आणि मधे परत खजूर, चौदा किलोमीटरपर्यंत पाय साथ देत होते, एवढ्यात निष्कर्ष काढत नाही पण बरं वाटलं.

आता गव्हाचं दळण द्यायचंय शनिवारी. त्यात सोयाबीन किती घालू? पोळ्या कडक होतील का, मुलाच्या डब्यात पण त्याच जातात.

गिरणवाट

पाच किलो गव्हाला अर्धा किलो सोयाबीन, त्याहून जास्त नको, पोळी चिवट होते आणि वास येतो. सोयाबीन मंद आचेवर खमंग भाजा, साल तडकेपर्यंत, पूर्ण गार करून मगच गव्हात मिसळा. पीठ नेहमीपेक्षा थोडं सैल भिजवा, अर्धा तास मुरू द्या, म्हणजे डब्यातही मऊ राहतात. पीठ लवकर खवट होतं म्हणून महिन्याभराचंच दळून आणा, आणि गिरणीवाल्याला आधी सांगा, काहीजण तेलकट धान्य दळून देत नाहीत.